सहाव्या वर्षाची वरची दाढ
(केंद्र शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचनाचा विषय झाला, गणिताचा झाला, आणि तिसरा विषय दाढेचा आहे हे फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले, ते मी पाहिले. हसण्यास माझी हरकत नाही. हसताना मागचे दात दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याविषयीच आज मला बोलावयाचे आहे.

सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी संगमेश्वर तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत होतो. दुसरीतील एका मुलाचे वडील त्याला घेऊन सकाळी शाळेत आले. मुलगा गालाला हात लावून उभा होता. "गुरुजी, ह्याची वरची दाढ दुखते. रत्नागिरीस नेऊन दाखवू काय?" असे त्यांनी मला विचारले. मी मुलाचे तोंड उघडावयास लावले, आत काळे काहीतरी दिसले, आणि प्रशिक्षित शिक्षकाच्या आत्मविश्वासाने मी उत्तर दिले, "दुधाची दाढ आहे ती, पडायचीच आहे. उगाच एस. टी. चे भाडे कशाला घालवता?" वडिलांनी माझे ऐकले. आजीने किडलेल्या भोकात मशेरी दाबली, त्याने काही दिवस दुखणे दबले. मुलगा चौथीत गेला तेव्हा गाल सुजला, मग रत्नागिरीस न्यावेच लागले, आणि दाढ काढावी लागली. ती दुधाची नव्हती. परत आल्यावर वडील मला एवढेच म्हणाले, "गुरुजी, डॉक्टर म्हणाले, ही पुन्हा येत नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला तेच अधिक लागले.

अध्यापक विद्यालयात मी शरीरशास्त्र शिकलो होतो. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. दुधाचे वीस आणि पक्के बत्तीस, हे मला पाठ होते. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात त्यांपैकी कोणता दात कोठे असतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते. मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती याहून फार निराळी नसावी.

तर प्रथम ही दाढ कोणती ते पाहू. दुधाचे दात प्रत्येक जबड्यात दहा, म्हणजे मधल्या रेषेच्या प्रत्येक बाजूस पाच असतात: दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. सहावा दात दुधात नसतोच. मूल सहा-सात वर्षांचे झाले की या पाचव्या दाताच्या मागे, हिरडीतून एक मोठी दाढ वर येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, कोणताही दात पाडून येत नाही. पुढचा दात पडला की मूल तो हातात घेऊन घरभर नाचते, कोणी तो कौलांवर टाकते. या दाढेच्या आगमनाची मात्र काहीच वर्दी मिळत नाही. शिवाय तिच्या पुढची दुधाची दुसरी दाढ आकाराने तिचीच लहान प्रतिकृती असते. तेव्हा मोठी बहीण धाकटीसारखी दिसते, आणि घरातली माणसे दोघींनाही दुधाच्या समजतात. खालच्या जबड्यातील दाढ बहुधा थोडी आधी येते, वरची तिच्या मागोमाग. ओळखण्याची खूण सोपी आहे. मधल्या रेषेपासून मागे मोजत जावे. सहावा दात लागला, तर तो पक्का. सहावे वर्ष, सहावा दात.

याच सहाव्या वर्षी मूल पहिलीत येते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानेही मुलाचा शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासूनच मोजला आहे. पण दाढेचे व शाळेचे नाते एवढ्यावर संपत नाही. ह्या वरच्या दाढेचा माथा, म्हणजे हिरडीबाहेर दिसणारा भाग, जन्माच्या सुमारास घडू लागतो व तिसऱ्या वर्षाच्या आसपास पुरा होतो. तो जबड्याच्या हाडात वाट पाहत राहतो. सहाव्या-सातव्या वर्षी दाढ बाहेर येते, तरी तिची मुळे अपुरीच असतात. ती पुरी होतात नवव्या-दहाव्या वर्षी. म्हणजे मूल पहिलीतून चौथीत जाते, तेवढ्या काळात दाढ मूळ धरते. प्राथमिक शाळेची सारी वर्षे ही या दाढेच्याही उभारणीची वर्षे होत.

माथा जन्मापासून तीन वर्षांत घडतो, यास एक अर्थ आहे. त्या काळातील मोठे आजारपण, दीर्घ ताप, अन्नाची आबाळ यांचे पांढरे-पिवळे डाग किंवा खाचा दातावरील कवचावर उमटू शकतात, आणि कवच एकदा घडल्यावर शरीर त्याची दुरुस्ती करीत नाही. अंगणवाडीतील वजनाचा तक्ता हरवेल, पण ही नोंद हरवत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर हे त्या कामाचे धुरीण होते. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे गहू-सातू पिकविणाऱ्या लोकांची वस्ती होती. हे लोक आपल्या मृत बालकांना दोन मातीच्या घटांत, घटांची तोंडे एकमेकांस भिडवून, घराच्या जमिनीखाली पुरीत. त्या चिमुकल्या हाडांचा पुष्कळसा भाग मातीने खाल्ला, पण दात टिकले, आणि डॉ. वाळिंबे व डॉ. लुकाच यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. कोणता दात कितपत घडला आहे, यावरून बालकाचे वय अजमावता येते.

आपल्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, हे मी येथे सांगावयास नको! तारीख ठाऊक नसलेला बाप आणि नोंद करण्याची घाई असलेले गुरुजी यांनी मिळून अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी आणून ठेवला. १८३७ साली इंग्लंडमध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने पार्लमेंटच्या सभासदांपुढे असे मांडले होते की, गिरण्यांत कामाला लावलेल्या मुलांचे वय आईबापांच्या तोंडून न घेता मुलांच्या तोंडात पाहून ठरवावे. आपल्या गुरुजींनी ते केले असते, तर निदान वर्ष तरी बरोबर लागले असते. असो.

आता या दाढेची रचना पाहू. ही वरच्या ओळीतील सर्वांत मोठी दाढ. तिचा माथा वरून पाहिला तर थोडा कलंडलेला चौकोन दिसतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार उंचवटे असतात: दोन गालाच्या बाजूस, दोन टाळूच्या बाजूस. टाळूकडचा पुढचा उंचवटा सर्वांत मोठा आणि टाळूकडचाच मागचा सर्वांत लहान. त्या मोठ्या उंचवट्यापासून गालाकडच्या मागील उंचवट्यापर्यंत एक तिरका बांध गेलेला असतो, भाताच्या दोन खाचरांमधील मेरेसारखा. ही मेर वरच्या दाढेचीच खूण आहे. खालच्या दाढेस ती नसते. मेरेच्या दोन्ही अंगांस खोलगट जागा आणि त्यांतून निघणाऱ्या चिरा असतात. काही लोकांत मोठ्या उंचवट्याच्या टाळूकडील अंगावर आणखी एक छोटा उंचवटा आढळतो. व्हिएन्नाच्या दरबारातील दंतवैद्य काराबेल्ली याने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्या जिभेने चाचपून पाहा, एखाद्यास सापडेलही. जीभ लागलीच कामास लागली, हे मला येथून दिसते आहे!

मुळे तीन असतात. दोन गालाच्या बाजूस आणि एक, सर्वांत लांब, टाळूच्या बाजूस. खालच्या दाढेस सामान्यतः दोनच मुळे असतात. वरच्या दाढेस तिसरे का लागते, हा प्रश्न मुले विचारतील, आणि त्याचे उत्तर जबड्यात आहे. खालचा जबडा टणक, भरीव हाडाचा. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने पातळ व सच्छिद्र, आणि दाढांच्या वर त्यात हवेची एक पोकळी. अशा हाडात भार पेलावयाचा तर पाय पसरून उभे राहणे भाग आहे. खडबडीत अंगणात चार पायांचे स्टूल डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही. ही दाढ म्हणजे उलटी ठेवलेली तिवई होय. तिच्यावर पडलेला दाब तिन्ही मुळांत वाटला जातो आणि गालफडाच्या हाडाच्या आधारे वर डोक्याच्या कवटीकडे पसरतो.

त्या हवेच्या पोकळीमुळे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी घडते. दाढेच्या मुळांची टोके पोकळीच्या तळाशी अगदी लागून असतात. मोठ्या माणसाचे पडसे त्या पोकळीत साचले की वरच्या सर्व दाढा एकदम ठणकतात, दात चांगले असले तरीही. उलट, किडलेल्या वरच्या दाढेची कळ कानात, कानशिलात किंवा डोळ्याखाली जाणवते. मूल "डोके दुखते" म्हणून दोन दिवस शाळेत आले नाही, तर एकदा त्याच्या तोंडातही पाहावे.

दाढेच्या कामाविषयी बोलताना आपल्याकडे जात्याची उपमा देतात. जात्याची खालची तळी स्थिर असते व वरची खुंटा धरून फिरवितात. तोंडात याच्या नेमके उलट: वरचा जबडा डोक्याच्या हाडांशी जखडलेला, आणि खालचा जबडा हलतो. तो नुसता वरखाली होत नाही. उघडतो, ज्या बाजूने चावावयाचे त्या बाजूस थोडा सरकतो, वर येतो आणि घासत मधोमध बसतो. त्या शेवटच्या क्षणी वरच्या दाढेचा टाळूकडचा मोठा उंचवटा खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात जाऊन बसतो. म्हणून जात्यापेक्षा मुसळ आणि वायन यांची उपमा मला अधिक जुळते. वरच्या दाढांचे गालाकडील उंचवटे खालच्या दाढांच्या बाहेर थोडे पुढे आलेले असतात; ते गाल बाजूला ठेवतात, म्हणून घासागणिक आपला गाल चावला जात नाही. जाते बोथट झाले की पाथरवट येऊन टाकी लावी. दाढेला टाकी लावणारा कोणी नाही. झिजले ते झिजले.

चघळणे म्हणजे केवळ बारीक करणे नव्हे. कानापुढील मोठ्या लाळग्रंथीची नलिका गालाच्या आतील बाजूस, वरच्या दाढांच्या समोर उघडते; मोठ्या माणसात ती बरोबर दुसऱ्या पक्क्या दाढेसमोर असते. घास दाढांखाली जाताच लाळ तेथेच मिसळते. पिठूळ पदार्थावर तिची क्रिया होऊन त्यातून साखर निघू लागते. हा प्रयोग वर्गात विनाखर्च होतो: प्रत्येक मुलास कोरड्या भाकरीचा तुकडा द्यावा, न गिळता दोन मिनिटे चावावयास सांगावे, आणि चव कशी बदलली ते विचारावे. शाळेतील पोषण आहाराच्या पंगतीत एखादे मूल खिचडी न चावता पाण्याबरोबर उतरवते, किंवा मान कलती करून एकाच बाजूने चावते, हे वाढणाऱ्या ताईंना बहुधा आपल्याआधी कळलेले असते. त्यांना विचारीत जावे.

आता किडीकडे येतो. दाताचे कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. मानवी शरीरात त्याहून कठीण काही नाही. तरीही ते आम्लापुढे टिकत नाही. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात, आणि ते आम्ल जेथे साचून राहते तेथील खनिज विरघळते. कीड म्हणून कोणताही किडा दातात शिरत नाही. कानात धूर सोडून किडे पाडून दाखविणारे लोक अजून कोठे भेटले, तर त्यांची हातचलाखी मुलांना समजावून सांगावी. वरच्या दाढेच्या चिरा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोहोचत नाही, पण विरघळलेली साखर सहज पोहोचते. नव्याने आलेल्या दाढेचे कवच अजून पुरते पक्व झालेले नसते. आणि ती पूर्ण उंचीवर येण्यास कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा आखूड राहते, म्हणून ब्रश तिला न शिवता पुढे जातो. ह्या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी, पहिलीच्याच वर्षी, एकत्र येतात. त्यात चहात बुडविलेली बिस्किटे आणि शाळेच्या दारातील गोळ्यांची भर पडते. आंबापोळी व फणसपोळी यांच्यावर टीका करण्याचे धाडस मी रत्नागिरीत करणार नाही, परंतु चिकट गोड पदार्थ खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी, एवढे म्हणतो.

"पडणारच आहे" हा युक्तिवाद दुधाच्या दाढांनाही लागू करू नये. त्या दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत जागा राखतात. त्यांच्या जागी उपदाढा यावयाच्या असतात. दुधाची दाढ वेळेआधी गेली की मागची सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची वाट अडते. आणि स्वतः सहाव्या वर्षाचीच दाढ गेली, तर बाराव्या वर्षी येणारी दुसरी पक्की दाढ पुढे कलते, समोरचा खालचा दात रिकाम्या जागेत वर चढतो, आणि त्या बाजूचे चावणे बिघडते. ज्या मुलाची हकीकत मी सांगितली, तो आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. तो मला बाजारात भेटतो, आदराने नमस्कार करतो, आणि पान खाताना डावीकडेच ठेवतो. पान सोड, असे मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो. पण डावीकडे का ठेवतोस, हे विचारण्याची सोय मला राहिलेली नाही.

मशेरीविषयी दोन शब्द. भाजलेल्या तंबाखूची ही पूड आपल्याकडे अनेक घरांत अजूनही दात घासण्याच्या निमित्ताने वापरली जाते. ती दात स्वच्छ करीत नाही, व्यसन लावते, आणि तोंडाच्या कर्करोगास वाट करून देते. दाढदुखीवर म्हणून ती मुलाच्या तोंडात गेली, की पुढचे सांगावयास नको. राखुंडीने कवच खरवडते. दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी; पहिलीच्या मुलास पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि सात-आठ वर्षांपर्यंत घरातील मोठ्या माणसाने हात धरून घासून द्यावे.

वरच्या मागच्या दाढा घासण्याची एक युक्ती आहे, ती बहुतेकांस ठाऊक नसते. आपण मुलाला "आ कर, मोठा आ कर" म्हणतो. तोंड पूर्ण उघडले की खालच्या जबड्याच्या हाडाचे एक टोक पुढे येऊन वरच्या दाढा व गाल यांमधील जागा अडविते, आणि गालही ताणला जातो. मग ब्रश तेथे शिरत नाही. तोंड अर्धे मिटावे, म्हणजे गाल सैल पडतो व ब्रश थेट शेवटच्या दाढेच्या बाहेरच्या अंगापर्यंत जातो. चावण्याचा पृष्ठभाग घासताना मात्र तोंड उघडून, अर्धवट आलेल्या दाढेवर ब्रश आडवा धरावा.

वैद्यकीय साहाय्य आज पूर्वीइतके दूर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत येते, आणि त्याच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथकापुढे सबंध शाळेचा पट असतो, वेळ थोडा असतो. आपण आधी पाहून ठेवलेली नावे पहिल्या रांगेत बसविली, तर ती सुटत नाहीत. पुढील उपचार शासकीय रुग्णालयात होतात, आणि आपल्या जिल्ह्यात खेड येथे दंतमहाविद्यालयही आहे. कीड लागण्यापूर्वी दाढ दाखविली, तर दंतवैद्य तिच्या चिरा एका विशिष्ट लेपाने बुजवून टाकतात. त्यास भूल लागत नाही, दुखत नाही. कीड आतील मगजापर्यंत पोहोचल्यावर, त्यातही मुळे पुरी होण्यापूर्वी, तेच काम फार अवघड होते.

आपण दंतवैद्य नव्हे. दाढेत टाचणी घालून पाहू नये, लवंगेचे तेल सुचवून मूल घरी धाडू नये, आणि मी केले ते तर मुळीच करू नये. आपले काम पाहण्याचे, नाव लिहिण्याचे आणि पालकास "ही पक्की दाढ आहे" असे सांगण्याचे.

येथील पहिलीची सात मुले बाहेर व्हरांड्यात बसली आहेत. त्यांच्या पालकांची संमती मुख्याध्यापकांनी काल घेतली आहे. आता दोघादोघांनी पुढे या. हात साबणाने धुऊन घ्या. बादली दाराशी आहे. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, त्याच्या मागे उभे राहा आणि त्याचे डोके अलगद मागे आपल्या अंगावर टेका. वरची ओळ अशीच दिसते, समोरून वाकून दिसत नाही. बोट तोंडात घालू नका, स्वच्छ चमच्याच्या दांड्याने गाल थोडा बाजूला करा. मधल्या रेषेपासून मोजा. सहावा दात आला आहे की नाही, आला असल्यास चिरा काळ्या आहेत की स्वच्छ, एवढेच कागदावर लिहा. चौथ्या क्रमांकाची मुलगी फार लाजाळू आहे, तिला शेवटी बोलवा.